गाळा भाड्याने देणे आहे

आटपाडीच्या बाजारपेठेत माझ्या आत्याचा एक गाळा आहे. दहा बाय चौदाचा, लोखंडी शटरचा. मामांचं किराणा दुकान तिथंच चालायचं. दोन वर्षांपूर्वी मामा गेले, तेव्हापासून शटर खाली आहे आणि त्यावर आत्यानं स्वतःच्या वळणदार अक्षरात खडूनं लिहून ठेवलंय : ‘गाळा भाड्याने देणे आहे’. आत्या प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होती. गावात सगळे तिला बाईच म्हणतात.

दिवाळीनंतर त्या गाळ्यासाठी एक माणूस विचारायला आला. सुतारकाम करणारा. बांधाच्या भांडणात भावकीतल्या माणसाचा खून केला म्हणून जन्मठेप झालेला, सोळा वर्षं आत राहून सुटलेला. बायकोचं माहेर आटपाडीचं, म्हणून इकडं आलेला. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, विधी सेवेच्या पॅनेलवर आहे, त्यामुळं कारागृहात जाणं-येणं असतं. त्याला आत्याचा पत्ता मीच दिला होता.

त्यावरून एका संध्याकाळी ओसरीवर आत्याशी जे बोलणं झालं, ते आठवतं तसं इथं मांडतो आहे. माझं जिथं चुकलं, तेही तसंच ठेवलं आहे.

आत्या : पत्ता देण्याआधी मला विचारायचं होतंस.

मी : विचारायला हवं होतं. चुकलं माझं.

आत्या : दोनदा येऊन गेला तो. पायरीखालीच उभा राहतो. ‘बाई, आतली मापं घेऊ का?’ म्हणतो. मी म्हटलं, नंतर बघू. खरं तर मला ‘नाही’ म्हणायचं होतं, पण तोंडावर म्हणवेना.

मी : ‘नाही’ का म्हणायचं होतं, ते सांग. मी वाद घालणार आहे, पण आधी तुझं ऐकतो.

आत्या : तुला काय नवीन सांगायचं? 2013 चा श्रावण. पाऊस होता. शटर अर्धं खाली करून मामा हिशेब करत बसले होते. तिघे वाकून आत आले. गल्ला उचलला. मामांनी एकाचा हात धरला, तर दुसऱ्यानं कोपराखाली गज घातला. हाड जुळलं, पण मूठ वळायची गेली ती गेलीच. पुढं दहा वर्षं डाव्या हातानं तराजू धरायचे. पुडी बांधताना दोऱ्याचं एक टोक दातात धरून गाठ मारायला शिकले होते. गिऱ्हाइकासमोर दातात दोरा धरायची त्यांना लाज वाटायची, म्हणून पाठ वळवायचे. त्याच गाळ्यात मी आता खुनाची शिक्षा भोगून आलेल्या माणसाला बसवू?

मी : तो गज यानं मारला नव्हता.

आत्या : ते मला कळतं. मी एवढी खुळी नाही. पण शटर वर करताना जो आवाज होतो ना, त्यानं अजून माझ्या पोटात गोळा येतो. आणि पुढचं ऐक. तिघांतले दोघे सापडले. दोन महिन्यांत जामिनावर बाहेर! बाजारात समोरून यायचे, तेव्हा मान खाली घालून जायचे ते मामाच. नऊ वर्षं खटला. मी रजा टाकून तारखेला जायची, आणि पुढची तारीख घेऊन यायची. कधी वकील नाही, कधी साक्षीदार नाही, कधी साहेबांची बदली. शेवटी एकाला शिक्षा, एक सुटला. त्या नऊ वर्षांत कुणी मला म्हटलं नाही, बाई, तुमचं कसं चाललंय. आणि आता सुटून आलेल्यांचं पुनर्वसन! त्यांना आत काम शिकवा, त्यांना कर्ज द्या, त्यांना गाळा द्या. माझं पुनर्वसन कुणी केलं रे?

मी : या प्रश्नापाशी मी परत येणार आहे, टाळणार नाही. आधी तुझ्याच बोलण्यातलं एक धरतो. ते दोघे दोन महिन्यांत कसे सुटले? त्यांना जामीनदार मिळाला. ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याला ऐपतीचा दाखला मिळतो, असं कुणीतरी त्यांच्यासाठी उभं राहिलं. ज्याच्या मागं असं कुणी नाही, तो किरकोळ चोरीतसुद्धा आत बसून राहतो. 2022 च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार 220 माणसं होती. त्यांतले 4 लाख 34 हजार 302 कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. एका पोराला मी विचारलं, आत येऊन किती दिवस झाले? त्याला महिने सांगता येईनात. म्हणाला, ‘गणपती दोनदा ऐकले.’ भिंतीपलीकडून दोन वर्षांचे ढोल त्यानं मोजले होते.

आत्या : त्याच्या घरचं कुणी भेटायला येत नव्हतं?

मी : आई ऊसतोडीला जाते. मुलाखतीला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते आणि वर एसटीचं भाडं.

आत्या : मग अशांसाठी कायदा नाही का?

मी : आहे ना. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आहे, 1 जुलै 2024 पासून लागू. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जामिनावर सोडायचं. एकाहून जास्त खटले असतील तर ही सवलत नाही. त्याचा अर्ज कारागृहाच्या अधीक्षकानंच न्यायालयाला करायचा. जुन्या खटल्यांतल्या बंद्यांनाही हे लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. 2023 पासून केंद्राची एक योजनाही आहे. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब बंद्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे सरकार भरतं. पण यादीत नाव कुणी घालायचं, त्या पोराचा कागद कुणी हलवायचा? कायदा पुस्तकात असतो आणि माणूस बॅरेकमध्ये. मधलं अंतर चालून जाणारं माणूस लागतं.

आत्या : हे पटलं मला. ज्याचा गुन्हा शाबीत नाही, त्याला कुजवू नये. पण तू विषय वळवलास. हा सुतार काही कच्चा कैदी नव्हता. यानं मारलंय.

मी : मारलंय. तो स्वतःही नाही म्हणत नाही.

आत्या : मग?

मी : मग इतकंच, की न्यायालयानं जी शिक्षा दिली ती त्यानं पुरी केली. शेवटची काही वर्षं तो खुल्या कारागृहात होता. वागणूक बघूनच तिथं पाठवतात. भिंती नाहीत, दिवसभर शेतावर काम, संध्याकाळी हजेरी. पळायचं असतं तर रोज संधी होती. आत्या, ही गोष्ट तुला मी सांगायची म्हणजे कमालच. आपलं स्वतंत्रपूर कुठं आहे?

आत्या : इथंच की. लहानपणी आम्ही त्या बाजूला बोरं वेचायला जायचो. आई ओरडायची.

मी : 1939 सालची ती वसाहत. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रजेच्या हाती कारभार दिला, ते हेच वर्ष. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर तिथं गांधीजींच्या विचारानं काम करत होता. कैद्यांना बेड्या न घालता उघड्या रानात ठेवायचं, जमीन कसायला द्यायची, बायकापोरांना सोबत राहू द्यायचं, ही कल्पना त्यांनी याच माळावर उतरवली. इंग्रजांच्या राज्यात, एका लहानशा संस्थानात! त्याच्यावरूनच गदिमांनी कथा लिहिली आणि 1957 साली शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनपर्यंत गाजला तो.

आत्या : पाहिलाय. दोनदा पाहिलाय, आणि दोन्ही वेळा रडलेय. पण रडून झाल्यावर मनात काय आलं सांगू? तो सिनेमा कैद्यांचा आहे. त्या सहा जणांनी ज्यांना मारलं, त्यांच्या घरी संध्याकाळी दिवा कोण लावत होतं, ते त्यात कुठं आहे? आपल्याला सुधारलेला गुन्हेगार आवडतो बाबा. ज्याचं वाटोळं झालं, त्याच्याकडं बघवत नाही म्हणून आपण बघत नाही.

मी : (बराच वेळ मला काही सुचलं नाही.) आत्या, हे कुठल्या परिषदेत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

आत्या : परिषदेत माझ्यासारखीला बोलावतात कुठं? आणि दुसरं असं, की स्वतंत्रपूर ही सरकारची वसाहत आहे. तिथं जेलर असतो, हजेरी असते. मोजकीच माणसं, तीही निवडून घेतलेली. तिथं सुधारणं सोपं आहे. माझ्या गाळ्यात हजेरी कोण घेणार?

मी : इथंच तर खरी मेख आहे. आत असेपर्यंत व्यवस्था असते. माणूस दारातून बाहेर पडला, की त्या दिवसापासून काहीच नसतं. कारागृह विभागाचं ब्रीद आहे, ‘सुधारणा व पुनर्वसन’. त्यातली सुधारणा भिंतीच्या आत होते आणि पुनर्वसन भिंतीच्या बाहेर व्हायचं असतं. बाहेर विभागाचा हात कुठवर पोचणार? हा सुटला तेव्हा हातात काय होतं माहीत आहे? सुटकेचा कागद, एक पिशवी आणि मजुरीचे साठलेले पैसे. 2023 मध्ये दर वाढवले, तेव्हाही कुशल काम करणाऱ्या बंद्याला दिवसाला 74 रुपयेच ठरले. रेशनकार्डावर याचं नाव नव्हतं. आधार काढलेलं नव्हतं. आत गेला तेव्हा लोक बटणांचे फोन वापरायचे, बाहेर आला तर चहावाला म्हणतो, स्कॅन करा. स्टँडवर तो एका एसटीच्या पुढं पंधरा मिनिटं उभा होता म्हणे, चढायचं धाडस होईना. सोळा वर्षांत एकदाही स्वतःच्या मनानं कुठं गेला नव्हता ना.

आत्या : बायको होती म्हणून बरं.

मी : तिनं सोळा वर्षं डाळिंबाच्या बागेत कामं करून दोन पोरं वाढवली. ज्यांची बायको माहेरी निघून गेली, आईबाप वारले, त्यांनी कुठं जायचं? पहिले पंधरा दिवस फार वाईट असतात. जुने साथीदार बरोबर तेव्हाच भेटतात. जेवायला तेच घालतात, खोलीही तेच देतात आणि मग कामही तेच सांगतात. चांगल्या लोकांनी दार लावलं की वाईट लोकांचं दार उघडंच असतं. टाटा इन्स्टिट्यूटच्या लोकांनी 1990 मध्ये मुंबईत ‘प्रयास’ सुरू केलं, ते नेमकं या खिंडीत काम करायला. कच्च्या कैद्याला वकील, सुटलेल्याला निवारा, कागदपत्रं, काम. पण अशी माणसं प्रत्येक तालुक्याला कुठून आणायची? 2022 मध्ये राज्य सहकारी बँकेनं येरवड्याच्या बंद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना काढली. 50 हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी. कैद्याला बँक कर्ज देते, ही केवढी मोठी गोष्ट! पण बँकेनं पैसे दिले, हातात रंधा आहे, कसब आहे, आणि गाळाच कुणी देत नाही, तर तो काम करणार कुठं? सरकार सगळं देईल, आत्या. शेजार नाही देऊ शकत.

आत्या : शेजाराचं बोललास ते बरं केलंस. माझ्या गाळ्याच्या एका अंगाला चप्पलवाला आहे, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सचं दुकान. समोर मुलींची अभ्यासिका. पोरी रात्री नऊपर्यंत बसतात. उद्या काही झालं तर लोक माझ्या दारात येतील. म्हणतील, बाईंना माहीत होतं आणि बाईंनी ठेवला. मी काय सांगू त्यांना?

मी : खरं तेच सांगायचं. लपवून ठेवलं तर पहिल्याच कुजबुजीत त्याचं दुकान बंद होईल. आणि हेही कबूल करतो, की सगळे गुन्हे एका मापानं मोजता येत नाहीत. लहान मुलांवर, बायकांवर अत्याचार केलेल्या माणसाला मी अभ्यासिकेसमोर जागा माग म्हटलं नसतं. त्याच्यावर देखरेख हवी, जागाही विचार करून ठरवायला हवी. व्यसनात बुडालेला असेल तर आधी उपचार. दया म्हणजे डोळे झाकणं नव्हे. पण याचा गुन्हा बांधावरचा, रागाच्या एका घटकेतला. तोही भयंकरच. म्हणून तर सोळा वर्षं आत होता. पण तो पोरींच्या मागं लागणारा माणूस नाही, दरोडेखोरही नाही. आपण काय करतो? ‘जेलमधून आलेला’ असा एकच शिक्का मारतो. मग गणपती दोनदा ऐकलेलं ते पोर, हा सुतार आणि सराईत गुंड, तिघे एकाच ओळीत.

आत्या : शिक्का. (थोडं थांबून.) शिक्क्यावरून एक आठवलं. बोलू का नको, असं झालंय.

मी : बोल की.

आत्या : माझ्या तिसरीच्या वर्गात एक पारध्याचा पोरगा होता. नाव नाही सांगत. गणितात हुशार. पाढे असे म्हणायचा, की बाकीची पोरं टाळ्या वाजवायची. एकदा वर्गात कंपासपेटी हरवली. सगळी पोरं त्याच्याकडं बघायला लागली. मी कुणाला काही विचारलं नाही, सरळ त्याचं दप्तर उलटं केलं. त्याचं एकट्याचंच. दोन वह्या, एक तुटकी पेन्सिल आणि भाकरी बांधलेलं फडकं खाली पडलं. दुपारी पेटी सापडली, दुसऱ्याच पोराच्या बाकाखाली. तो पोरगा रडला नाही, काही बोललाही नाही. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मी वस्तीवर गेले होते बोलवायला. बाप म्हणाला, ‘बाई, पोलिसांचं आमाला ठावं हाय. साळतबी त्येच असंल तर कशाला धाडू?’

मी : आत्या, त्या बापाच्या बोलण्यामागं दीडशे वर्षं आहेत. 1871 मध्ये इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. इथून जवळच, सोलापूरला, तारेच्या कुंपणात त्यांची सेटलमेंट होती, हजेरी द्यायला लागायची. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण चोरी झाली की पहिली गाडी अजून वस्तीवरच जाते. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तर परवा-परवापर्यंत जातीवरून कामं वाटण्याची कलमं होती, या जमातींना सराईत धरण्याची भाषा होती. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ते सगळं घटनाबाह्य ठरवलं.

आत्या : न्यायालयानं 2024 मध्ये ठरवलं. मला त्याच दुपारी कळलं होतं. पण तो परत आला नाही. आता चाळिशीचा असेल. कुठं आहे, काय करतो, माहीत नाही. बत्तीस वर्षांत मी किती पोरांना घडवलं म्हणून सत्कार झाला माझा. त्या दिवशी एक बिघडवलं असेल, तर त्याचा हिशेब कुठं लिहायचा?

(आत्या उठून आत गेली. चहा टाकला. परत आली तेव्हा बोलणं तिनंच सुरू केलं.)

आत्या : आता तू म्हणाला होतास ना, माझ्या प्रश्नापाशी परत येतो म्हणून. ये. माझं काय?

मी : येतो. सांगताना मान खाली जाते. गुन्ह्यात ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई देण्याची तरतूद 2009 मध्येच फौजदारी प्रक्रिया संहितेत आली, कलम 357 अ. आपल्या राज्यानं 2014 मध्ये त्याची योजना केली. अपंगत्व आलेल्यासाठीही त्यात मदत आहे. आरोपी सापडो न सापडो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो. वकील फुकट मिळतो, आणि बाईमाणसाला तर उत्पन्नाची अटही नाही. एवढंच कशाला, कैद्यांच्या मजुरीतला काही वाटा पीडितांच्या भरपाईसाठी काढावा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1998 मध्येच सांगितलंय.

आत्या : आणि तू त्या पॅनेलवर कधीपासून आहेस?

मी : 2016 पासून.

आत्या : खटला 2022 पर्यंत चालला.

मी : हो. सहा वर्षं मी कारागृहात जाऊन परक्या माणसांचे अर्ज लिहीत होतो. दिवाळीला इथं येऊन तुझ्या हातच्या करंज्या खात होतो. मामांनी दातात दोरा धरलेला मी बघितलाय. पण एकदाही मला वाटलं नाही की यांचाही अर्ज असतो. कैद्यांचे हक्क हा माझा विषय, आणि आत्याचं दुकान हा घरचा प्रश्न, असे दोन कप्पे मी डोक्यात करून ठेवले होते. तू मघाशी म्हणालीस ना, बघवत नाही म्हणून बघत नाही. तसंच झालं.

आत्या : पैशाचं मला काही नाही रे. मामा गेले. पण कुणीतरी एक कागद घेऊन आलं असतं, ‘इथं सही करा, तुमच्यावर अन्याय झालाय असं सरकार म्हणतंय’ इतकंच सांगितलं असतं, तर ते बाजारातून ताठ मानेनं चालले असते. त्यांना हाताचं दुःख नव्हतं तेवढं. आपलं कुणी काही समजतच नाही, याचं होतं.

मी : म्हणून मी आज माझं मत बदलतो. आत्तापर्यंत म्हणायचो, सुटलेल्याला जागा द्या. आता म्हणेन, ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात आधी जा, आणि सुटलेल्यालाही जागा द्या. दोन्ही एकदमच करायला हवं. गावाला सुटलेल्याचा राग येतो, त्यातला निम्मा राग त्याच्यावरचा नसतोच. आपल्याला कुणी विचारलं नाही, त्याचा असतो.

आत्या : हां. आता बरोबर बोललास. पण एक सांगते, बदला म्हणून गाळा बंद ठेवला तर मामांची मूठ वळणार आहे का? नाही वळणार. हे मला गेली दोन वर्षं कळत होतं. खडूची पाटी पुसून पुन्हा लिहीत होते, आणि कुणी विचारायला आलं की भाडं मुद्दाम जास्त सांगत होते.

मी : मग?

आत्या : मग बोलव त्याला. पण माझी एक अट आहे. तुझ्या तोंडून मला काही ऐकायचं नाही. त्यानं काय केलं, ते त्यानं स्वतः माझ्यासमोर बसून सांगायचं. पायरीखाली उभं राहून नाही, खुर्चीवर बसून. आणि ज्याला मारलं त्याच्या घरी आता कोण आहे, त्यांचं कसं चाललंय, हे त्याला माहीत आहे का, ते मी विचारणार. तिथं तो गप्प बसला तर गाळा मिळायचा नाही.

तो दुसऱ्या दिवशी आला. खुर्चीच्या अगदी कडेला बसला. सांगायला त्याला तासभर लागला, कारण मधे मधे थांबत होता. मेलेल्या माणसाची आई अजून आहे, हे त्याला माहीत होतं. तिच्या घरी एका मध्यस्थाच्या हातून त्यानं निरोप पाठवला होता. ‘तोंड दाखवू नको’ एवढंच उत्तर आलं. तिचं बरोबर आहे आणि म्हणूनच आपण गावी परत गेलो नाही, असं तो म्हणाला. हे बोलताना हाताचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. अंगठ्यानं खुर्चीच्या हाताचा सुटलेला सांधा चाचपत होता.

आत्यानं अकरा महिन्यांचा करार केला. अनामत दोन महिन्यांची, भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला. पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद तिनं स्वतः जाऊन केली. चप्पलवाल्याला, झेरॉक्सवाल्याला आणि अभ्यासिकेच्या चालकांना तिनं एकत्र बोलावलं आणि माणूस कोण आहे ते स्पष्ट सांगितलं. चप्पलवाला नाराज झाला, अजूनही पुरता बोलत नाही. शटरचा आवाज आत्याला अजून सोसत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यानं पट्ट्यांना ग्रीस लावलं. पाचवा महिना चालू आहे. भाडं एकदा चार दिवस उशिरा आलं, बाकी वेळेवर.

यावरून सगळं जमून आलं, असं मी म्हणणार नाही. अकरा महिन्यांचे अकरा महिने व्हायचे आहेत. पण त्या संध्याकाळनंतर मी दोन गोष्टी करायला लागलो आहे आणि वाचकांनाही त्याच दोन सांगतो. तुमच्या गल्लीत, नात्यात, शाळेत कुणी मारहाणीत, चोरी-दरोड्यात, अत्याचारात होरपळलं असेल, तर त्याच्या घरी जा आणि जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं अर्ज फुकट करता येतो, हे त्याला सांगा. 15100 हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. शक्य असेल तर सोबत जा. आणि शिक्षा भोगून आलेलं माणूस तुमच्या दारात काम, खोली किंवा गाळा मागायला आलं, तर ‘नंतर बघू’ म्हणून परत पाठवू नका. त्याला बसायला खुर्ची द्या, जे विचारायचं ते तोंडावर विचारा, ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा. नाही म्हणायचं झालं, तरी ऐकून मगच म्हणा.